आईच्या सुपातला रशियन पाहुणा

गेल्या हिवाळ्यात आमच्या आईच्या सुपात रशियाकडून आलेला एक पाहुणा रोज सकाळी जेवत होता. सूप नवं होतं. घरातल्या वादाचा पहिला मुद्दा तोच होता.

आमचं गाव धानोऱ्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून जरा आत. घरापुढे अंगण, घरामागे परस, आणि परसाच्या टोकाला आजोबांनी लावलेलं बांबूचं बेट. मी या घरातली धाकटी मुलगी, मयुरी. मोठीचं लग्न झालं. माझं झालेलं नाही, आणि त्याबद्दल मी सोडून सगळा तालुका दुःखी आहे!

मी गडचिरोलीत एका छोट्या संघटनेचं काम करते. काम म्हणजे पत्रकं. मजकूर मी लिहिते, छापून मी आणते, वाटते मीच, आणि बाजाराच्या दिवशी त्यात भजी बांधलेली दिसली की भांडायलाही मीच जाते. संघटनेनं मला तीन गोष्टी शिकवल्या: मथळा दणदणीत हवा, मागणी एकच हवी, आणि उद्गारचिन्हाला घाबरायचं नाही! माझं सर्वांत गाजलेलं पत्रक आमच्याच घराच्या दारावर आहे. 'मुलगी म्हणजे टोपलीतलं वांगं नव्हे! बघायला येणाऱ्यांनी आल्या पावली परत जावं!' मी ते खळ लावून असं काही चिकटवलं, की बाबांनी खरवडायला घेतलं तेव्हा दाराचा रंग निघाला, पत्रक तसंच राहिलं. तरीही कोणी आलंच, तर त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवायला नकाराचं एक भाषण मी पाठ करून ठेवलेलं आहे. म्हशीपुढे सराव करते. म्हैस मध्ये बोलत नाही, मोबाईल बघत नाही. (संघटनेच्या सभांना असा श्रोता मिळत नाही.)

तर त्या वर्षी आमचा बांबू फुलला. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, बी धरतो आणि वाळून जातो. बी खाली पडतं, त्यातून नवं बेट उगवतं. पुस्तकात एवढंच दिलंय. गावात याहून बरंच जास्त माहिती आहे! फुललेला बांबू घरामागे ठेवला की घराला काहीतरी भोवतं, असं गाव म्हणतं. आणि आमच्या घरात भोवण्यासारखी एक मुलगी बिनलग्नाची बसलेली होतीच.

"सोमवारी बेट तोडतो," बाबा जेवताना म्हणाले.

"का?"

"फुललं ना ते! मागं असं फुललेलं बेट ठेवून कोनी पोरीची सोयरिक करते काय?"

"मला सोयरिक करायचीच नाही. मग ठेवा बेट."

"तू नाई म्हनते, म्हनूनच तं तोडतो! त्या बेटाचाच गुन हाये तो!"

हे तर्कशास्त्र माझ्या कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात शिकवलेलं नव्हतं. मी ताट बाजूला सारलं आणि घोषणा केली, की बी खाली पडेपर्यंत बेटाला हात लावू देणार नाही. आईनं ताट परत माझ्यापुढे सारलं आणि घोषणा केली, की भात टाकायचा नाही. दोन घोषणांपैकी एकीची लगेच अंमलबजावणी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात दात घासत होते. जांभळाच्या फांदीला मी आईचं सूप चार सुतळ्यांनी टांगून ठेवलेलं होतं, पाखरांसाठी. त्यात कणी, थोडं जवस, काठाला धानाच्या लोंब्यांचा झुपका. रोज चिमण्या यायच्या. त्या दिवशी चिमण्यांत एक चिमणी गुलाबी होती.

मी मंजन गिळलं.

डोकं गुलाबी, छाती गुलाबी, चोच आखूड आणि जाड, अडकित्त्यासारखी. बांबूच्या शेंड्यावरून ते उतरायचं, सुपातलं जवस खायचं, परत बांबूत जायचं. मी धावत घरात जाऊन पुस्तक आणलं. रोजफिंच, नर! पार उत्तरेकडचा, हिमालयाच्या आणि रशियाच्या बाजूचा पक्षी. हिवाळ्यात खाली उतरतो. आमच्या भागात क्वचित, तोही खोल जंगलात, बांबू फुलला तर त्याच्या बियांसाठी. कोणाच्या घरामागे, कोणाच्या आईच्या सुपात, कधीच नाही!

"बाबा! लवकर या! बघा!"

बाबा आले, डोळे बारीक केले. "गुलाल पडला असन. सरपंचाची मिरवनूक निंघाली होती ना परवा."

"बाबा, तो पक्षी रशियाहून आलाय!"

"कायले?"

"आपला बांबू खायला!"

"रशियात काई भेटत नाई काय त्याले?"

"मायं सूप कवा देतं?" आईनं आतून विचारलं. तिची मागणी एकच होती. (मथळाही दणदणीत. पत्रकं आईनंच लिहायला हवीत.)

मी बाबांना म्हटलं, हे बेट तोडलं तर हा पक्षी जाईल. दूरदूरचे लोक असा पक्षी बघायला गाड्या करून जातात. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "चिमनी पाहाले? गाडी करून? असं कर मयुरे. सोमवारच्या आंधी कोनी एक जरी मानूस त्या पाखराले पाहाले गाडी घेऊन आला, तं बेट राहू देतो. बी पडेपावतर कुऱ्हाड लावत नाई. जबान देतो."

"लावली पैज!"

"लावली!"

गुरुवार होता. माझ्याकडे तीन दिवस आणि एक मोबाईल होता. मी लगेच पत्रक लिहिलं. आता, दुर्मीळ पक्ष्याचं नाव उघड लिहायचं नसतं, जाळं घेऊन भलतेच लोक येतात. पक्षी बघणारी मंडळी थंडीत येणाऱ्या पाखरांना 'पाहुणे' म्हणतात. म्हणून मीही तेच लिहिलं. मला तो शब्द फारच सुंदर वाटला होता. मजकूर असा:

'परदेशी पाहुणा आमच्या घरी! हिमालय ओलांडून आलेला, देखणा, गुलाबी, लाजरा पाहुणा सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहे. सकाळी सातला जेवायला येतो. रविवारी बघायला या! शांततेत या! आपली, मयुरी.'

चंद्रपूरच्या पक्षीवाल्यांच्या गटात टाकलं, आणि जोशात स्टेटसलाही ठेवलं. चंद्रपूरच्या निखिलभाऊंचं लगेच उत्तर आलं: 'फोटो पाहिजे!' मी त्यांना वेगळा निरोप पाठवून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, आम्ही चौघं येतो, रविवारी, पहाटे निघून.

पैज मी जिंकल्यातच जमा होती. फक्त माजरीची आत्या माझं स्टेटस बघते, हे मी विसरले होते.

माजरीची आत्या म्हणजे माजरी गावात दिलेली बाबांची मोठी बहीण. तिचे यजमान कोळशाच्या खाणीत होते. आत्याच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात, लग्न झालेली आणि तिनं अजून लक्ष न घातलेली. तिनं स्टेटस वाचलं, परत वाचलं, शेजारणीला वाचून दाखवलं, आणि बाबांना फोन केला. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी अहेरीच्या बाजारात पत्रकं वाटत होते.

"वामन! पोरीनं परदेशातला पाहुना ठरवला आन् तुले पत्ता नाई?"

"कोन पाहुना?"

"गुलाबी म्हनते! म्हनजे गोरा असन! रविवारी पाहाले येऊन राह्यले. तिनं सोता लिव्हलं, नाव टाकून. तू मातर काई बोलू नको तिले. चिडली तं दारावर आनखी एक कागद चिकटवन! मी येतो शनिवारी."

(आत्या स्वतःला 'येतो' म्हणते. आमच्याकडे बायाही 'येतो, करतो' म्हणतात. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी यावर लेख लिहिला होता. आत्यानं तो वाचला नाही.)

मी अहेरीहून शुक्रवारी परत आले, तर बाबा भिंतीला चुना लावत होते. आई अंगण सारवत होती. खाटेवर नवी चादर होती. मी विचारलं, "हे काय?"

"रविवारी येऊन राह्यले ना लोकं," बाबा खाली बघत म्हणाले. त्यांच्या मिशीत हसू होतं.

"तुम्हाला माहितेय?"

"माहीत हाये. तू काई बोलू नको. आमी पन काई बोलत नाई."

दोन दिवसांपूर्वी हा माणूस बेटावर कुऱ्हाड चालवायला निघाला होता, आणि आज एका पाखरासाठी चुना लावत होता! इतकी वर्षं मी दारोदार पत्रकं वाटली आणि चळवळ शेवटी माझ्या घरात पोचली! मी त्या रात्री संघटनेच्या गटावर लिहिलं, 'परिवर्तनाची सुरुवात घरातून होते.' सगळ्यांनी अंगठे दाखवले.

शनिवारी संध्याकाळी आत्या उतरली, पिशवीत साडी घेऊन. गर्द गुलाबी, काठाला जर.

"उद्या हे नेसजो."

"आत्या, असं भडक नेसून चालत नाही उद्या. तो बुजतो."

आत्यानं आईकडे बघितलं. "बुजते म्हनते! पाहुन्याची लय काळजी हाये बाई हिले!"

"लाजराच असतो तो. मी माझा मातीच्या रंगाचा कुर्ता घालणार आहे. झाडाझुडपात मिसळून गेलं पाहिजे, आपण आहोत हेच त्याला कळता कामा नये."

"कळता कामा नाई?" आत्या खाटेवर बसली. "मंग तो पाहीन काय?"

"तो कशाला बघेल आत्या? आपण त्याला बघायचं!"

आत्यानं साडी परत पिशवीत ठेवली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "हे मातर बेस केलं तू. आपन त्याले पाहाचं! आमच्या वक्ताले हे कोनाले सुचलं नाई." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. दोघी वेगवेगळ्या कारणांनी.

रविवारी उजाडायच्या आत मी परसात जाऊन बसले. गोणपाटाचा आडोसा केला होता, त्याला डोळ्यांएवढं भोक. आडोशाच्या मागेच घराची कुडाची भिंत, आणि भिंतीपलीकडे बैठकीची खोली. कुडातून शिंकही ऐकू येते. पुढे सूप, सुपापलीकडे बांबू. उन्हाचा पहिला पट्टा शेंड्यावर आला, आणि तो आला. माझा गुलाबी. शेंड्यावर बसून मान इकडेतिकडे करू लागला. मी श्वाससुद्धा मोजून सोडत होते. जरा हललं की उडणार, हे ठरलेलं!

त्याच क्षणी घरापुढे गाडी थांबली.

"आले वं, आले!" आत्याचा आवाज. "अवं माय, चौघंही मिल्ट्रीत हायेत काय?" (पक्षीवाले हिरवे-करडे ठिपक्यांचे कपडे घालतात.) "फोटोवाला संगंच आनला! केवढं यंत्र हाये त्याच्यापाशी!"

"या जी, या. बसा," बाबा म्हणाले. "दारावरचा कागद नका वाचू. पोरखेळ हाये तो. चहा ठेवला."

"चहा नंतर काका," हे निखिलभाऊ. "आधी बघून घेतो. ऊन चढलं की मग दिसण्यासारखं राहत नाही."

मग आत्या, जरा ताठ आवाजात: "आमची पोरगी उन्हातही चांगलीच दिसते जी!"

मी आडोशामागे ताडकन उठणार होते. शेंड्यावरच्या गुलाबीनं मान वळवली. मी परत बसले. आता माझी अवस्था लक्षात घ्या! भिंतीपलीकडे माझं लग्न जुळवलं जात होतं, आणि मी ओरडले असते तर पक्षी उडाला असता, पक्षी उडाला असता तर ही माणसं त्याच्यासाठीच आली हे बाबांना पटलं नसतं आणि बेट गेलं असतं. ओरडले नसते तर मी गेले असते! चळवळीत असे प्रसंग येतात असं ऐकलं होतं. एवढ्या सकाळी येतात हे माहीत नव्हतं.

"आमची मयुरी मागं तयार होऊन बसली हाये," बाबा म्हणाले.

"मयुरी? लांडोर म्हणताय का काका?" तिसराच कुणीतरी हसला. तो पहिल्यांदाच आला होता, त्याला माझं नाव माहीत नव्हतं. "लांडोरी तर येताना रस्त्यावरच दिसल्या हो पाच-सहा. त्यांच्यासाठी नाही आलो आम्ही."

कपबशी खळकन वाजली.

"रस्त्यावर?" बाबा.

"आमची मयुरी रस्त्यावर फिरत नाई!" आत्या. "पत्रकं वाटाले जाते, तेवढंच!"

"जाऊ द्या काका," निखिलभाऊ घाईत होते, "रंग कसा आहे ते सांगा. गुलाबी आहे ना नक्की?"

"सावळी हाये," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आता जड झाला होता. "लपवून ठेवाचं काम नाई. आमची पोरगी सावळी हाये."

"सावळी? अरे! मग मादी असेल ती." चौघंही एकदम निराश झाले, ते मला कुडातून ऐकू आलं. "मादी अशीच असते काका, मातकट. तिला बघायला एवढ्या लांबून कोण येईल?"

"मंग तुमी कोनाले पाहाले आले?"

"नराला!"

"आमच्या घरी नर म्हनजे," बाबा उभे राहिले असावेत, कारण खाट करकरली, "म्या एकटाच हावो!"

यानंतर काय झालं ते मला नीट ऐकू आलं नाही, कारण मी स्वतःचीच ओढणी तोंडात कोंबून बसले होते. हसत होते की रडत होते, हे अजून ठरलेलं नाही. निखिलभाऊंच्या डोक्यात प्रकाश पडला असावा. "काका, काका, आम्ही पक्षी बघायला आलोय! पक्षी! बांबूवरचा! मयुरीताईंनी सांगितलं ना?" असं काहीतरी ते म्हणत होते, आणि "पाखरू? पाहाले? गाडी करून?" असं बाबा म्हणत होते, आणि आत्या "मंग परदेशी पाहुना कुठी हाये?" असं म्हणत होती. मग मागचं दार उघडलं आणि सगळेच परसात आले.

मी आडोशातून हात बाहेर काढून 'थांबा, खाली!' अशी खूण केली. पक्षीवाले तरबेज होते. चौघंही जागच्या जागी जमिनीवर पालथे पडले, कॅमेरे पुढे करून. बाबा त्यांच्या अगदी पुढ्यात उभे होते. आपल्या पायांशी चार जण आडवे झालेले बघून त्यांनी सवयीनं दोन्ही हात उचलले. "असू द्या, असू द्या. सुखी राहा."

"काका, खाली बसा!" निखिलभाऊ जमिनीवरून कुजबुजले. बाबा बसले. आत्या बसली. आई पोह्यांचं ताट घेऊन दारात आली आणि तिथंच थिजली. परसात आमचं अख्खं घर आणि चंद्रपूरचे चार जण, सगळे श्वास रोखून एका सुपाकडे बघत होते. सुपाला असा मान आमच्या घराण्यात पहिल्यांदाच मिळाला.

बांबूतून एक पाखरू उतरलं. सुपाच्या काठावर बसलं.

तपकिरी. छातीवर मातकट रेघा. बाकी काही नाही.

"मादी," लांडोरवाला म्हणाला. "सोडा." आणि चौघांनी कॅमेरे खाली केले.

मी बघत होते. एवढा हिमालय ती नरासारखीच ओलांडून आली होती! पंख तेवढेच, वाट तेवढीच, थंडी तेवढीच. आणि हे म्हणतात, सोडा! माझ्यातलं पत्रक उसळून वर आलं. पण ओरडायची सोय नव्हती. मी भोकातून तोंड काढून, कुजबुजत्या आवाजात, जमेल तेवढ्या संतापानं म्हटलं, "मादीसुद्धा रोजफिंचच आहे! निषेध!" (कुजबुजत घोषणा देऊन बघा एकदा. कोंडलेल्या कुकरसारखं होतं.)

माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. बाबांनी दिलं. त्यांनी भोकातलं माझं तोंड बघितलं, माझ्या गळ्याशी दिसणारा मातीच्या रंगाचा कुर्ता बघितला. मग सुपावरच्या त्या मातकट पाखराकडे बघितलं. मग त्यांनी खाली वाकून निखिलभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला.

"फोटो काढा."

"काका, नर येऊ द्या ना."

"हिचा काढा आंधी."

"काका, मादीचा फोटो कोणी बघत नाही हो."

"काऊन नाई पाहात? ते पाखरू नाई काय?" बाबांचा आवाज दबलेला होता, पण सरपंचाशी भांडताना लागतो तो स्वर मला ओळखू आला. "सावळी हाये म्हनून? इतक्या दूरून आली ते! पयले हिचा फोटो काढा. चौघंही काढा. नाई तं मी उठतो, खोकलतो, आन् तुमचा नर जाते रशियाले वापस!"

चौघांनी कॅमेरे उचलले. खटखटखटखट! मादीनं शांतपणे जवस खाल्लं, मान वाकडी केली, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. माझ्या ओळखीतली पहिलीच मादी, जिला चौघांनी बघितलं आणि जिनं त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

आणि मग तो आला, तिच्या शेजारी, सुपाच्या काठावर. उन्हाचा पट्टा तोवर सुपापर्यंत उतरला होता. गुलाबी रंग असा पेटला, की चौघांपैकी एक कॅमेराच दाबायचा विसरला. आई ताट धरून उभी होती. पोहे निवत होते. कोणी हललं नाही.

"हा पाहुना?" आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली.

"हो."

"येवढासा?"

"हो."

"हा रशियातून आला?"

"हो आत्या."

तिनं बराच वेळ बघितलं. "बायको संगं घेऊनच आला वाटते," ती शेवटी म्हणाली, आणि उसासा टाकून उठली. पक्षी उडाले. पण तोवर सगळ्यांचं बघून झालं होतं.

पक्षीवाल्यांनी पोहे खाल्ले, दोनदा मागून घेतले. फोटो एकमेकांना दाखवले. बाबांनी मादीचा फोटो मोठा करून बघितला आणि मान डोलावली. आत्यानं चौघांनाही 'तुमचं लगन झालं काय जी' विचारून घेतलं. दोघांचं झालं नव्हतं, पण ते कॅमेऱ्यात डोकं खुपसून बसले होते, त्यांनी उत्तर दिलं ते पडद्याला. जाताना निखिलभाऊ गाडीतून बांबूकडे बघत म्हणाले, "ताई, एवढं बेट जपा!" आणि धुळीत गाडी गेली.

बाबा अंगणात उभे होते. "गाडी करून आले," ते स्वतःशीच म्हणाले. "चौघं आले. पाखरालेच पाहाले आले." मग त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि गोठ्याच्या आढ्यावर, सहज हात पोचणार नाही अशा जागी, ठेवून दिली. "जबान म्हनजे जबान. बी पडेपावतर कोनी हात नाई लावनार. लोकं काई म्हनू देत."

बेट उभं आहे. आता ते वाळत चाललंय, पण खाली बी पडलंय, आणि बाबांनी शेळ्या येऊ नयेत म्हणून काट्यांचं कुंपण केलंय. गावात कोणी काही म्हटलं की ते मोबाईलवर मादीचा फोटो दाखवतात. आईनं नवं सूप आणलं आणि कपाटात कुलपात ठेवलं. आत्या माजरीला परतली. ती आता कोणाचं स्टेटस वाचत नाही, निदान मला तसं सांगते.

उरले मी. हिशेब केला तर विजय सगळा माझाच. बेट वाचलं, पक्षी दिसला, दारावरच्या पत्रकाचा शब्द न् शब्द खरा झाला. चार जण आले, बघून घेतलं, आल्या पावली परत गेले! माझं इतकं यशस्वी झालेलं दुसरं पत्रक नाही. मी ठामपणे सांगते, मला या सगळ्याचा आनंद आहे!

पण चौघांपैकी एकानं तरी, एकदा तरी, त्या गोणपाटाच्या भोकाकडे वर मान करून बघायला काय हरकत होती? मी नकारच दिला असता! भाषण पाठ होतं माझं!

म्हशीला अजून पूर्ण ऐकवते. ती अजून होकारही देत नाही, नकारही.